मिशनरी काम आणि मानवशास्त्र: लोक मला नेहमी विचारतात ते प्रश्न

मी मानवशास्त्र शिकलो पुण्यात, घर नगरकडचं (आता अहिल्यानगर म्हणायचं, पण तोंडात नगरच बसलंय), आणि आम्ही चार पिढ्यांचे ख्रिस्ती. त्यामुळे दोन्ही बाजूंनी प्रश्न येतात. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, लोक विचारतात की या शास्त्राचा आपल्याला काय उपयोग, आणि कॉलेजचे मित्र विचारतात की तुम्ही लोकांचा अभ्यास करता तो त्यांना बाटवायलाच ना. दर वेळी तेच तेच टाइप करून कंटाळा आला म्हणून एकदाचं सगळं एकत्र लिहून टाकतोय.

मानवशास्त्र म्हणजे ते कवट्या मोजणारं ना?

ती एक शाखा झाली, शारीरिक मानवशास्त्र. इथे बोलतोय ते सांस्कृतिक मानवशास्त्राबद्दल. लोक लग्न कसं लावतात, कोणाच्या हातचं खातात, आजारी पडलं की आधी कोणाकडे जातात, मेलेल्या माणसाचं काय करतात, आणि हे सगळं त्यांच्या स्वतःच्या डोक्यात कसं बसलेलं असतं. पद्धत म्हटलं तर सोपी: तिथे जाऊन राहायचं, भाषा शिकायची, आणि बरेच महिने गप्प बसायचं. तिसरी गोष्ट सगळ्यात अवघड, धर्मोपदेशकांना तर फारच.

पण मिशनरीला याची गरजच काय? बायबल घ्या, भाषांतर करा, सांगा, झालं.

झालं नाही ना! साधं उदाहरण घ्या. इंग्रजीत ‘बॉर्न अगेन’ म्हणतात आणि म्हणणाऱ्याला वाटतं केवढी आनंदाची बातमी दिली. आता हेच एखाद्या वारकऱ्याला ‘पुन्हा जन्म घे’ म्हणून सांगून बघा. तो म्हणेल अहो या फेऱ्यातून सुटायचं म्हणून तर चाललंय सगळं, तुम्ही परत आत ढकलताय होय? शब्द बरोबर, व्याकरण बरोबर, आणि ऐकणाऱ्यापर्यंत पोचलं ते बरोबर उलटं.

‘अवतार’चं तसंच. देव माणूस झाला हे सांगायला इतका छान तयार शब्द आहे, पण अवतार म्हटलं की आपल्याकडे पुढचा प्रश्न येतोच, कितवा? दहा आहेत, त्यात अजून एक, बसवू की बाजूला, काही अडचण नाही. मिशनऱ्याला ‘एकदाच’ म्हणायचं असतं आणि तेच नेमकं गळून जातं.

उलट एक झकास जमलेलं उदाहरण रोज आमच्या तोंडात असतं. प्रभूच्या प्रार्थनेत मराठीत आम्ही ‘आमची रोजची भाकर आज आम्हांस दे’ म्हणतो. मूळ शब्द पावाचा आहे. पण देशावरच्या माणसाचं पोट भाकरीने भरतं, आणि पाव म्हटला की आपल्याकडे भलतंच आठवतं. वसईकडे पोर्तुगीजांनी विहिरीत पाव टाकला आणि ते पाणी प्यायलेलं अख्खं गाव बाटलं, ही गोष्ट कोणी ऐकलेली नाही असं घर महाराष्ट्रात सापडणार नाही. कुठे किती घडलं ते इतिहासवाल्यांनी बघावं, मला त्यात दिसतं ते हे की पाव खाल्ल्याने माणूस देव बदलतो असं कुठल्याच बायबलात लिहिलेलं नाही, ते आपल्या सोवळ्या-ओवळ्यात लिहिलेलं आहे. म्हणजे संस्कृती कळली की तिचा पूल करता येतो तसा फासही करता येतो, हे पहिल्या प्रश्नांतच सांगून ठेवतो.

हे अलीकडचं फॅड आहे का?

शास्त्राचं नाव अलीकडचं, काम जुनं. मेक्सिकोत बेर्नार्दिनो द साहागुन नावाचा फ्रान्सिस्कन संघाचा पाद्री १५२९ साली पोचला आणि पुढची कितीतरी वर्षं तिथल्या म्हाताऱ्यांना बसवून, नाहुआ, म्हणजे तिथल्याच लोकांतल्या, शिष्यांना हाताशी धरून, त्यांच्याच नाहुआत्ल भाषेत सगळं उतरवून घेत गेला: देव, सण, औषधं, बाजार, शिव्यासुद्धा. बारा भाग झाले. हेतू स्वच्छ लिहून ठेवलाय, वैद्याला रोग माहीत नसेल तर औषध काय देणार. म्हणजे जे पुसायचं होतं तेच त्याने इतकं बारकाईने लिहून ठेवलं की आज अॅझ्टेक लोकांबद्दल जे माहीत आहे त्यातलं कितीतरी त्याच्याचमुळे. आणि १५७७ साली स्पेनच्या राजाने ते कागद जप्त करायचा हुकूम काढला, कारण हे वाचून लोक परत तिकडे वळतील अशी धास्ती. दोघंही आपापल्या जागी बरोबरच होते म्हणायचं.

आपल्या जवळचा माणूस म्हणजे रॉबेर्तो दे नोबिली. इटालियन, जेझुइट संघाचा पाद्री, १६०५ ला गोव्यात उतरला, १६०६ ला मदुराईत. बघतो तर तिथे आधीच्या पाद्रींना सगळे ‘परंगी’ म्हणतात, म्हणजे फिरंगी, बीफ खाणारे, दारू पिणारे, अंघोळ न करणारे. ख्रिस्ती होणं म्हणजे परंगी होणं, आणि ते कोणाला हवंय? मग याने झगा सोडला, काषाय वस्त्रं घातली, मांस सोडलं, ब्राह्मण स्वयंपाकी ठेवला, तमिळ शिकला, शिवधर्म नावाच्या ब्राह्मणाकडे संस्कृत शिकला. जानवं आणि शेंडी ही जातीची, सामाजिक खूण आहे, धर्माची नाही, असा त्याचा मुद्दा होता आणि तो पटवायला त्याने १६१३ साली ब्राह्मणांच्या चालीरीतींवर एक लांबलचक लॅटिन अहवाल लिहिला. गोव्याचे वरिष्ठ भडकले, भांडण रोमला गेलं, शेवटी १६२३ ला पोपने बऱ्याच अंशी त्याच्या बाजूने कौल दिला. पुढे १७०४ पासून परत वाद पेटला आणि १७४४ ला रोमने त्यातल्या बहुतेक सवलती बंद केल्या. चीनमध्ये पूर्वजांना नमस्कार चालेल का यावरूनही तेव्हाच असंच भांडण झालं होतं, तिथे तर १९३९ पर्यंत बंदीच होती.

फादर स्टीफन्सनी ख्रिस्तपुराणात खरंच ‘वैकुंठ’ लिहिलंय? आणि चर्चला चाललं?

लिहिलंय, स्वर्गासाठी. आणि चाललं, काही काळ. थॉमस स्टीफन्स १५७९ ला गोव्यात आला, इंग्रज माणूस, साष्टीत आयुष्य काढलं, आणि १६१६ ला राशोलला ख्रिस्तपुराण छापलं, बायबलची गोष्ट मराठीत, जवळपास अकरा हजार ओव्यांचं. शाळेत सगळ्यांनी मराठीचं ते कौतुक पाठ केलेलं असतं, हरळांमाजी रत्नकिळा वगैरे, पण मला त्याहून मोठं वाटतं ते हे की त्याने लोकांची अडचण ओळखली. नव्याने ख्रिस्ती झालेल्यांची जुनी पुराणं, पोथ्या बंद केल्या गेल्या होत्या, मग संध्याकाळी बसून ऐकायचं काय? प्रश्नोत्तराची रूक्ष पुस्तकं? स्टीफन्सने ती रिकामी जागा पाहिली आणि त्याच चालीवर, त्याच बैठकीत बसणारी गोष्ट दिली. देवनागरी खिळे नव्हते म्हणून रोमन लिपीत छापलं. त्याचे श्रोते वाचणारे नव्हतेच म्हणा, ऐकणारे होते.

आता त्याच गोव्यात १७३६ साली इन्क्विझिशनने, म्हणजे पाखंड शोधून शिक्षा करणाऱ्या चर्चच्या न्यायालयाने, काढलेला हुकूम बघा. लग्नात अमुक गाणी म्हणायची नाहीत, विडा-सुपारी वाटायची नाही, दारात तुळस नको, बायकांनी अशी चोळी नको, पुरुषांनी तसं धोतर नको. मला हा हुकूम म्हणजे उलट्या बाजूने केलेलं फिल्डवर्क वाटतं. इतक्या बारकाव्याने घराघरात कोण काय करतं हे ज्याला माहीत होतं त्याने संस्कृतीचा अभ्यास स्टीफन्सइतकाच केला होता. पण एकाने ओवी केली आणि दुसऱ्याने यादी. आणि यादी फार काही टिकली नाही हेही पाहून घ्या, गोव्यात लग्नाच्या आधी नारळाच्या रसाचा ‘रोस’ अजून लावतात, मुंबई-वसईच्या ईस्ट इंडियन म्हणवणाऱ्या स्थानिक ख्रिस्ती लोकांत लग्नाच्या आदल्या दिवशी वाजतगाजत ‘उंबराचं पाणी’ आणायला जातात, ऑक्टोबरात पहिल्या कणसांचा ‘आगेरा’ करतात.

मिशनऱ्यांनी मानवशास्त्र घेतलं, पण मानवशास्त्राने त्यांच्याकडून काही घेतलं का?

भरपूर, आणि कबूल करायला जड जातं. ‘माना’ हा शब्द, म्हणजे पॅसिफिक बेटांवरची ती अदृश्य शक्तीची कल्पना, पाठ्यपुस्तकांत आला तो रॉबर्ट कॉड्रिंग्टन या अँग्लिकन मिशनऱ्यामुळे, त्याचं मेलानेशियावरचं पुस्तक १८९१ चं. प्रत्येक परीक्षेत विचारतात तो ‘एमिक-एटिक’ भेद, म्हणजे आतल्याची नजर आणि बाहेरच्याची नजर, तो काढला केनेथ पाइकने, आणि हा माणूस बायबल भाषांतर करणाऱ्या भाषातज्ज्ञांच्या संस्थेचा अध्यक्ष होता. स्विस मिशनरी आंरी जुनो आफ्रिकेच्या दक्षिण भागात फुलपाखरं गोळा करायचा, कोणीतरी म्हणालं अरे माणसं पण बघ की, मग त्याने त्सोंगा लोकांवर दोन खंड लिहिले. आपल्या अंधेरीला इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन कल्चर आहे ना, ती सुरू करणारे स्टीफन फुक्स हे ऑस्ट्रियन फादर. निमाडमधल्या बलाही या अस्पृश्य मानलेल्या विणकर जातीवर त्यांनी १९५० साली मोठं काम छापलं, नंतर गोंड, कोरकू.

पण अजेंडा डोक्यात घेऊन गेलं की काय होतं तेही याच मंडळींत दिसतं. फुक्स ज्या संघातले त्याच संघातले विल्हेल्म श्मिट, ‘आंथ्रोपोस’ हे जर्नल १९०६ ला काढणारे, त्यांना सिद्ध करायचं होतं की जगातल्या सगळ्यात जुन्या समाजांचा देव एकच होता. जगभरच्या मिशनऱ्यांकडून माहिती मागवली आणि बारा जाडजूड खंड लिहिले. माहिती अजून वापरली जाते, सिद्धांत मात्र आता कोणी घेत नाही. ज्याला जे शोधायचंय ते सापडतंच, हा धोका आमच्या सगळ्यांनाच आहे.

प्रत्यक्ष फिल्डवर नेमकं करतात काय?

नातेसंबंधांचा तक्ता काढतात, कोण कोणाला काय हाक मारतं ते लिहितात, वर्षभराचे सण आणि शेतीची कामं एकाखाली एक मांडतात, आजारपणात घरात काय निर्णय झाले ते विचारतात. आणि अर्थ लावायची घाई करत नाहीत. म्हणजे करू नये, मी केली.

डिझर्टेशनला मी नगर जिल्ह्यातल्या एका खेड्यातल्या चर्चवर लिहीत होतो. लोक चपला बाहेर काढतात, सतरंजीवर बसतात, बाया एकीकडे पुरुष एकीकडे. मी तीन पानं लिहिली, देवळाच्या पावित्र्याची कल्पना ख्रिस्ती उपासनेत कशी झिरपली वगैरे, एकदम भारी भाषा. मग सहज एका म्हाताऱ्या बाबांना विचारलं की चपला का काढता. ते म्हणाले, “चिखल आस्तो बाबा पायाला, सतरंजी कोण धुणार?” गाइडला सांगितलं तर त्या म्हणाल्या दोन्ही लिही. म्हणून दोन्ही लिहिलं, पण तेव्हापासून ‘प्रतीक’ हा शब्द वापरताना हात जरा थांबतो.

ती ‘विश्वासघातक्याला हिरो समजले’ ती गोष्ट खरी आहे का? संडे स्कूलमध्ये ऐकली होती.

सावी लोकांची. न्यू गिनीच्या पश्चिम भागातली, तेव्हा डच ताब्यात होता तो. डॉन रिचर्डसन हा कॅनेडियन मिशनरी १९६२ ला बायको आणि तान्ह्या मुलासकट तिथे गेला. येशूची गोष्ट सांगितली तर लोकांना येशूला दगा देणारा यहूदाच आवडला! कारण मैत्री करून, खाऊपिऊ घालून, विश्वास बसला की मग मारणं ही त्यांच्यात कौतुकाची कला होती. रिचर्डसन हताश झाला. पुढे दोन गावांच्या लढाईत त्याने पाहिलं की तह करताना एका बाजूचा माणूस आपलं तान्हं मूल शत्रूच्या हातात देतो, आणि ते मूल जिवंत आहे तोवर शांतता मोडायची नाही. एवढी एकच गोष्ट होती जिच्यात दगा चालत नव्हता. मग त्याने येशूला देवाने दिलेलं ते मूल म्हणून सांगितलं आणि लोकांना उलगडलं.

गोष्ट जबरदस्त आहे, मला अजूनही काटा येतो. पण लक्षात ठेवा की आपल्याला ती सांगितली रिचर्डसननेच. ज्या आईचं मूल दिलं गेलं तिला काय वाटत होतं, किंवा ज्यांना उलगडलं नाही ते काय म्हणाले, ते त्यात फार येत नाही. आणि त्यानंतर प्रत्येक मिशनरी प्रत्येक जमातीत ‘ती एक किल्ली’ शोधत फिरायला लागला, जणू काही संस्कृती म्हणजे गोदरेजचं कपाट आहे.

न समजता काम केलं तर खरंच एवढं नुकसान होतं?

होतं, आणि बहुतेक वेळा बायकांचं. आफ्रिकेत बऱ्याच ठिकाणी एकाला तीन-चार बायका असायच्या. मिशननी नियम केला, बाप्तिस्मा हवाय ना, एक ठेव बाकीच्या सोड. कागदावर नीतिमान. पण तिथे सोडलेली बाई म्हणजे जमीन गेली, मुलं नवऱ्याच्या कुळात राहिली, माहेरी परत जायचं तर लग्नात दिलेली गुरं परत करायचा प्रश्न. ज्यांनी काही गुन्हा केला नाही त्याच रस्त्यावर. दक्षिण आफ्रिकेतल्या नाताल प्रांताचे बिशप कोलेन्सो १८५० च्या दशकातच म्हणत होते की असं करू नका, त्यांचं कोणी ऐकलं नाही, १८८८ च्या लॅम्बेथ परिषदेत अँग्लिकन बिशपांनी ठरावच केला की अनेक बायकांच्या नवऱ्याला बाप्तिस्मा नाही. तो १९८८ ला बदलला: बायकांसकट घ्या, त्या जिवंत आहेत तोवर नवीन लग्न करणार नाही असं वचन घ्या, आणि बायकांना सोडायची सक्ती करू नका. शंभर वर्षं लागली, आणि जे शेवटी कळलं ते कुठल्याही गावातल्या म्हातारीने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं.

म्हणजे तुमच्या मते सगळ्या रूढी चालू ठेवायच्या? मग सती पण?

हा प्रश्न येणारच. नाही. मानवशास्त्र ‘का करतात’ ते सांगतं, ‘करावं का’ हे ते सांगत नाही, ते तुम्हालाच ठरवावं लागतं. पण ‘का’ न कळता बंदी घातली तर काय होतं ते केनियात बघा. १९२९ च्या सुमारास किकुयु मुलींच्या खतनेवरून स्कॉटिश आणि इतर मिशननी सभासदांकडून ती प्रथा सोडल्याची शपथ मागितली. प्रथा भयानक होती याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण किकुयुंसाठी तो वयात येण्याचा, आपल्या पिढीच्या गटात शिरण्याचा विधी होता, आणि शपथ मागणारे तेच गोरे होते ज्यांच्या भाऊबंदांनी जमिनी घेतल्या होत्या. हजारोंनी चर्च सोडलं, स्वतःच्या शाळा काढल्या, आणि प्रथा उलट राष्ट्रवादाची खूण झाली. मिशन शाळेतच शिकलेल्या जोमो केन्याटांनी लंडनला जाऊन मानवशास्त्र शिकून १९३८ साली किकुयुंवर जे पुस्तक लिहिलं त्यात तिचं समर्थन आहे. म्हणजे शास्त्र दोघांनाही वापरता येतं.

पॉल हीबर्ट नावाचा मानवशास्त्रज्ञ यावर काम करून गेलाय. जन्म १९३२ चा, हैदराबादजवळ शमशाबादचा, मिशनऱ्यांचाच मुलगा, स्वतःही तेलंगणात मिशनरी होता. त्याचं म्हणणं, जुनी रूढी सरसकट फेकू नका, सरसकट उचलूही नका. आधी लोकांबरोबर बसून ती नीट समजून घ्या, मग त्या विषयावर बायबल काय म्हणतं ते बघा, आणि मग ठरवायचं कोणी? मंडळीने. बाहेरच्याने नाही. ऐकायला साधं आहे पण ज्याच्या हातात पैसा आणि पद आहे त्याला गप्प बसवणं किती अवघड असतं ते कुठल्याही चर्च कमिटीत बसून बघा.

हीबर्टचा अजून एक मुद्दा मला आपल्याकडे फार पटतो. पाश्चात्त्य मिशनऱ्याच्या डोक्यात दोनच मजले असतात, वर देव आणि स्वर्ग, खाली डॉक्टर आणि विज्ञान. मधला मजला त्याच्याकडे नाहीच. आणि आपलं सगळं आयुष्य मधल्या मजल्यावर! दृष्ट लागली, पोराला रात्री दचकायला होतं, म्हैस आटली, कोणीतरी करणी केली, अंगात येतं. पाळक म्हणतो असं काही नसतं, मग माणूस रविवारी सकाळी चर्चला येतो आणि अमावस्येला गुपचूप देवऋष्याकडे जातो. उत्तर पटो न पटो, प्रश्न तरी ऐकून घ्यायला हवा होता.

आणि जातीचं काय? संस्कृतीचा आदर म्हणजे जातीचा आदर झाला की.

इथेच सगळ्यात जास्त दुखतं, मलाही.

नोबिलीवर परत या. त्याने ‘भारतीय संस्कृती’ स्वीकारली म्हणतात, पण कोणाची? ब्राह्मणांची. ती पाळायची तर अस्पृश्यांमध्ये काम करणाऱ्या दुसऱ्या फादरबरोबर तो उघडपणे बसूही शकत नव्हता. पुढे खालच्या जातींसाठी वेगळे मिशनरी, पंडारस्वामी, नेमले, म्हणजे मिशनऱ्यांमध्येच जाती झाल्या. त्याने संस्कृती छान वाचली पण वाचून दाखवणारे सगळे एकाच आळीतले होते.

तीनशे वर्षांनी डोनाल्ड मॅकगॅव्हरन. जन्म १८९७, दमोहचा, मध्य प्रांतात अनेक वर्षं मिशनरी. त्याने पाहिलं की माणूस एकटा ख्रिस्ती होतो तेव्हा घरादारातून तुटतो, पण अख्खी जात, अख्खा वाडा मिळून येतो तेव्हा टिकतो. निरीक्षण बरोबर आहे, आमच्या नगरकडे महार-मांग वस्त्याच्या वस्त्या अशाच आल्या. पण त्यावरून अमेरिकेत जाऊन त्याने सिद्धांत केला की माणसांना आपल्याच जातीवंशातल्या लोकांबरोबर ख्रिस्ती व्हायला आवडतं, म्हणून तसंच करा. झालं! जे आहे ते आणि जे असावं ते यातली रेघ पुसली. आज कुठे कुठे एका गावात दोन चर्च आणि लग्नं आपापल्यातच, त्याचा सगळा दोष त्याला नाही देत, आपली जात कोणाच्या सिद्धांताची वाट बघत नाही. पण सिद्धांताने तिला सर्टिफिकेट दिलं.

कॅथलिकांचंही बघा. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर १९६९ ला भारतासाठी बारा बदल मंजूर झाले, मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, आरती, समई, उदबत्ती, जमिनीवर बसणं, खांद्यावर शाल. चांगलं वाटतं ना? पण दलित ख्रिस्ती विचारायला लागले की ज्या देवळाच्या पायरीवर आमच्या आज्याला उभं राहू दिलं नाही त्या देवळाची समई तुम्ही आमच्या चर्चमध्ये आणता आणि म्हणता ही तुझी संस्कृती? आमची हलगी, आमची गाणी कुठेत? अरविंद निर्मळ यांनी १९८१ साली बंगळूरूच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजमध्ये भाषण दिलं, तिथून दलित ईश्वरविज्ञान धरतात. आणि त्याच्या खूप आधी, १९३८ ला, नागपूरचे स्कॉटिश मिशनरी अलेक्झांडर रॉबर्टसन यांनी महार समाजावर पुस्तक लिहिलं होतं. म्हणजे बघणारे होते, कमी होते.

साधूचे कपडे घालून धर्मप्रचार ही सरळ फसवणूक नाही का?

असू शकते. माझी कसोटी साधी आहे: कपडे कोणाचे आणि विचारलं तर खरं सांगतोस का. नारायण वामन टिळक १८९५ ला बाप्तिस्मा घेऊन ख्रिस्ती झाले आणि नंतर त्यांनी अभंग लिहिले, कीर्तनं केली, शेवटी ‘देवाचा दरबार’ नावाची भक्तांची मंडळी काढली. त्यांना कोणी वेषांतर म्हणणार नाही कारण अभंग हा त्यांचा स्वतःचा श्वास होता, तुकारामांच्या पुलावरून मी ख्रिस्ताकडे आलो असं ते म्हणायचे. तोच अभंग एखाद्या परदेशी संस्थेने ‘स्ट्रॅटेजी’ म्हणून छापून वाटला तर चव बदलते, शब्द तेच असले तरी. आणि टिळकांच्याच काळातल्या पंडिता रमाबाई बरोबर उलट टोकाला होत्या, बायबलचं मराठी करताना हिंदू तत्त्वज्ञानाचा वास येणारे संस्कृत शब्द त्यांना नको होते. दोघंही चित्पावन, दोघंही संस्कृतात मुरलेले, दोघंही ख्रिस्ती. ‘आतल्या माणसाला विचारा’ म्हणणं सोपं आहे, आतली माणसंच एकमताची नसतात.

कायदा काय म्हणतो?

थोडक्यात. घटनेच्या २५ व्या कलमात धर्म पाळायचा, आचरायचा आणि प्रसार करायचा हक्क आहे, आणि १९७७ ला सुप्रीम कोर्टाने सांगितलं की प्रसाराचा हक्क म्हणजे दुसऱ्याचं धर्मांतर करायचा हक्क नव्हे. ओडिशात १९६७ आणि मध्य प्रदेशात १९६८ पासून बळजबरी, आमिष, फसवणूक याविरुद्ध कायदे आहेत, नंतर इतर राज्यांतही आले. त्याच्या मागे तेव्हाच्या मध्य प्रदेशच्या नियोगी समितीचा १९५६ चा अहवाल आहे, तेव्हा राजधानी नागपूर होती. नियम बदलत असतात, वकिलाला विचारा, मला नको.

अंदमानला तो अमेरिकन मुलगा गेला होता, त्यानेही अभ्यास केला होता म्हणे?

हो, जॉन अॅलन चाऊ, नोव्हेंबर २०१८, सव्वीस वर्षांचा. त्याने भाषाशास्त्राचं ट्रेनिंग घेतलं होतं, शरीर कमावलं होतं, तयारी वर्षानुवर्षं केली होती. सेंटिनेली लोकांच्या त्या बेटावर जायला कायद्यानेच बंदी, तरी गेला, मासे-फुटबॉल घेऊन, आणि त्यांनी मारलं. आपल्या मानवशास्त्र सर्वेक्षणाचे लोकसुद्धा पूर्वी तिथे नारळ घेऊन जायचे, १९९१ ला त्यांच्या हातातून नारळ घेतलेही गेले, पण पुढे काही वर्षांत सरकारने त्या फेऱ्याच थांबवल्या. कारण बाहेरचा साधा फ्लूसुद्धा त्यांना संपवू शकतो. बाण मारणं हे पण एक उत्तरच आहे, आणि ते कळायला कुठली भाषा शिकावी लागत नाही.

अभ्यास करता करता मिशनरीच बदलला असं झालंय का?

झालंय की, आणि आपल्या पुण्यातच सुरुवात. व्हेरियर एल्विन. ऑक्सफर्डचा हुशार पोरगा, अँग्लिकन पाद्री, १९२७ ला जॅक विन्स्लो यांच्या ख्रिस्त सेवा संघात पुण्याला आला. खादी, जमिनीवर बसणं, भारतीय पद्धतीची उपासना. मग साबरमतीला जाऊन आला आणि गांधींचा झाला. १९३२ ला शामराव हिवाळे या मराठी मित्राबरोबर मंडल्याच्या गोंडांमध्ये करंजियाला जाऊन राहिला. सेवा करायला गेला आणि ऐकत बसला. बिशपशी बिनसलं, तीसच्या दशकाच्या मध्यावर चर्च सोडलं, बैगांवर, मुरियांच्या घोटुलवर, म्हणजे तरुण मुलामुलींच्या एकत्र राहायच्या घरावर, पुस्तकं लिहिली, आणि १९४४ च्या सुमारास तर मंडल्यातल्या डच फादरांविरुद्ध मोहीम उघडली! मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ घुर्ये त्याच्यावर तुटून पडले, हा आदिवासींना वेगळं ठेवू पाहतो, ते तर मागासलेले हिंदूच आहेत असं त्यांचं म्हणणं. एल्विनलाही देव्हाऱ्यात बसवू नका, त्याने कोसी नावाच्या गोंड मुलीशी लग्न केलं आणि पुढे मोडलं, आणि त्या गोष्टीत तिची बाजू लिहायला कोणी बसलं नव्हतं.

पॅसिफिकमधल्या न्यू कॅलेडोनिया बेटावरचा मोरिस लीनार्ट मात्र चर्च न सोडता बदलला. वीस-पंचवीस वर्षं तिथल्या कनाक लोकांत मिशनरी, नंतर पॅरिसमध्ये प्राध्यापक. त्याने एकदा आपल्या जुन्या कनाक सहकाऱ्याला, बोएसूला, विचारलं की आम्ही तुम्हाला ‘आत्मा’ ही कल्पना आणून दिली ना? म्हातारा म्हणाला छे, आत्मा आम्हाला आधीपासून माहीत होता, तुम्ही आणलंत ते शरीर. लीनार्ट पुढची कितीतरी वर्षं त्या एका वाक्यावर विचार करत बसला. कनाक माणूस स्वतःला नात्यांच्या जाळ्यात पाहत होता, कातडीच्या आत संपणारा वेगळा ‘मी’ त्याला ख्रिस्ती शिकवणीतून मिळाला. मिशनऱ्याला वाटत होतं आपण अमुक देतोय, घेणाऱ्याने भलतंच घेतलं होतं. मला वाटतं या सगळ्या विषयातलं सगळ्यात प्रामाणिक संभाषण हेच आहे, आणि ते झालं कारण विचारणारा इतकी वर्षं तिथे राहून मग विचारत होता.

मानवशास्त्रज्ञ मिशनऱ्यांवर एवढे चिडलेले का असतात?

१९७१ ला बार्बाडोसमध्ये काही मानवशास्त्रज्ञांनी जाहीरनामाच काढला की लॅटिन अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांमधलं मिशनरी काम थांबवा. त्याच कागदात सरकारांना आणि मानवशास्त्रज्ञांनाही धुतलंय, तो भाग आमच्या डिपार्टमेंटमध्ये जरा कमी वाचला जातो. मिशनरी निदान सांगून येतो की मला तुला बदलायचंय आणि मग तीस वर्षं तिथेच राहतो. आम्ही अठरा महिने राहतो, पीएचडी घेतो आणि लग्नाचं निमंत्रण आलं तरी जात नाही.

आमचा युथ ग्रुप दहा दिवस आदिवासी भागात जातोय, टिप्स द्या ना.

दहा दिवसांत संस्कृती कळत नाही, हे आधी मान्य करा म्हणजे अर्धं ओझं कमी. तिथल्या मंडळीने बोलावलंय का ते विचारा, बोलावलं नसेल तर जाऊ नका. तिथल्या भाषेत नमस्कार कसा करतात, मोठ्या बाईला काय म्हणतात, एवढं तरी शिकून जा. जुने कपडे वाटायला नेऊ नका, प्लीज. नाटक बसवलं असेल तर त्यात सैतानाला त्यांच्या देवासारखा मुखवटा घालू नका, हे मी डोळ्यांनी पाहिलंय आणि मागच्या रांगेतल्या आजी कशा उठून गेल्या तेही. पहिले चार दिवस सांगू नका, विचारा, ते काय पेरतात, पाणी कुठून येतं, पोरं कुठल्या शाळेत जातात. जेवायला दिलं तर खा. आणि फोटो विचारून काढा.